शेवटच्या नावाआधीचा ‘आणि’

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लाल शाईच्या दोन दौती संपवल्या. त्यातली दीड दौत एकाच शब्दावर गेली. तो शब्द म्हणजे ‘आणि’.

साठीचं दशक सरत आलं होतं. मी तेवीस वर्षांची, जळगावची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि शिरपूरच्या पुढे सातपुड्याकडे तोंड करून बसलेल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मराठीची शिक्षिका. मुलं हुशार होती, पण त्यांच्या निबंधात वाक्य एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे. ‘आम्ही उठलो आणि आंघोळ केली आणि भाकर खाल्ली आणि मग बैल आला आणि मग...’ असं पानभर. पूर्णविराम देताना त्यांचा जीव जात असावा. मी फळ्यावर नियम लिहिला होता: चार वस्तू असतील तर ‘आणि’ एकच, तोही शेवटच्या वस्तूच्या आधी. उदाहरण म्हणून खाली लिहिलं, ‘भाकरी, भरीत, ठेचा आणि कांदा’. उदाहरण सगळ्या वर्गाला पटलं. नियम कुणालाच पटला नाही.

आठवीतल्या एका मुलीनं यात्रेवर निबंध लिहिला होता. त्यात होतं, ‘आम्ही चाललो आणि चाललो आणि चाललो आणि चाललो.’ मी ते सगळं खोडून वर लिहिलं, ‘आम्ही खूप चाललो.’ मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “बाई, मंग आम्ही किती थकनूत ते कसं समजी?”

मी म्हटलं, “खूप या शब्दावरून समजेल.” तिनं त्या ‘खूप’कडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली. ती पायी सहा कोस चालली होती आणि मी तिला दोन अक्षरांत पोचवलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला आपलं वाटलं, नियम लागू झाला.

मी अशी कडक असण्याला कारण होतं. मी कायम झालेली नव्हते. वडिलांनी जळगावहून निघताना स्पष्ट सांगितलं होतं, “एक वर्ष. कायम झालीस तर राहा. नाही झालीस तर गुपचूप परत यायचं.” परत यायचं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला असलेलं एक स्थळ त्यांनी बघून ठेवलं होतं. मुलाला मी एकदा पाहिलं होतं. तो अर्धा तास बसला आणि त्यात एकदाच बोलला, तेही चहात साखर जास्त आहे म्हणून. पण वडिलांच्या प्रत्येक पत्रात असे, की क्वार्टरमध्ये चोवीस तास वीज असते. इथे मी कंदिलाच्या काचा पुसत होते, खोलीत विंचू निघत होते, आणि तरीही महिन्याच्या महिन्याला माझ्या नावानं सही करून पगार घेत माझं जगणं मी चालवत होते. ते सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती. मला कायम व्हायचं होतं. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: शाळेच्या मंडळाचा ठराव, आणि धुळ्याहून तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांचा बरा शेरा.

मंडळात पाच जण होते. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर पुन्हा क्रम लावावा लागेल, आणि एकदा लावला तेवढा पुरे झाला. गावाच्या पाटलांना सगळे आबा म्हणत, ते अध्यक्ष. सरपंच होते ते भाऊ. कापसाचे व्यापारी, मूळचे राजस्थानातल्या कुटुंबातले, ते शेटजी. दवाखाना चालवणारे डॉक्टर. आणि पाचवे नाना. नाना पलटणीतून निवृत्त होऊन गावात परत आले होते. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती होती, तिथे त्यांचं घर. शाळेत त्यांच्या वस्तीतली मुलं येऊ लागली तेव्हा वस्तीचा एक माणूस मंडळात असावा असं ठरलं, आणि ते आले. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं.

त्या वर्षी शाळेला नवा हॉल झाला. गावानं श्रमदानातून भिंती उभ्या केल्या, शेटजींनी वरचे पत्रे दिले. उद्घाटनाला धुळ्याचे साहेब यायचे होते आणि त्याच फेरीत तपासणीही उरकायची होती. हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते स्वभावानं गरीब, गणिताचे, आणि मंडळापुढे त्यांना नेहमी घाम फुटत असे. म्हणाले, “बाई, पत्रिका तुम्ही लिहा. आभारही तुम्हीच माना. तुमचा कायमचा ठराव समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आहे. तेव्हा जपून.”

जपायचं काय त्यात, असं मला वाटलं. दहा मिनिटांत मी मजकूर लिहिला. ‘अध्यक्ष आबासाहेब, सरपंच भाऊसाहेब, शेटजी, डॉक्टरसाहेब आणि नानासाहेब यांच्या उपस्थितीत...’ नियमाप्रमाणे ‘आणि’ एकच, शेवटच्याच्या आधी. हेडमास्तरांनी तो कागद पाची जणांना दाखवायला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नाना आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पँट, ताठ चाल. माझ्याशी ते पलटणीत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलत. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, “बाई, हा ‘आणि’ कुठे घालायचा याचा काही नियम आहे का?”

मी नियम सांगितला. भरीत-भाकरीसकट सांगितला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “नियम चांगला आहे. पण दर वेळी शेवटी मीच कसा येतो?”

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. झालं, म्हटलं, यांचाही मानपान सुरू. वरवर मात्र म्हटलं, “बदलते.” आणि नावं अकारविल्हे लावून टाकली, म्हणजे कुणी बोलायला नको. पण अकारविल्हे लावायची म्हणजे कशावर लावायची, पाळण्यातल्या नावावर की आडनावावर? मी आडनावावर लावली. त्यात नाना दुसरे आले आणि डॉक्टर शेवटी गेले.

डॉक्टर संध्याकाळी सायकलवरून शाळेत आले. उतरलेसुद्धा नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाले, “बाई, मी ‘आणि’च्या मागे बसणार नाही. चार नावं संपली, आता उरलेला घ्या, असं वाटतं ते.” मी त्यांना व्याकरण समजावू लागले तर म्हणाले, “व्याकरण पेशंटला कळत नाही.”

मी ‘आणि’ काढून तिथे ‘व’ घातला. ‘व’ म्हणजे सरकारी, सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डॉक्टरांनी कागद परत पाठवला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नानांना होता तेव्हा दोन अक्षरांचा. मला एकच?’

मग मी डॉक्टरांना वर सरकवलं आणि शेटजींना खाली आणलं. शेटजी हसतमुख माणूस. त्यांनी मला दुकानात बोलावलं, पोरीकडून चहा मागवला आणि प्रेमानं म्हणाले, “बाई, आपल्या धंद्यात यादीत शेवटी लिहितात तो हलका माल. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगितलं.” मी चहा पिऊन परत आले.

आता मी ईर्षेला पेटले. मराठीत ‘आणि’ला पर्याय नाहीत असं थोडंच आहे. ‘तसेच’ घालावं म्हटलं, तर हेडमास्तर म्हणाले, “नको बाई. ‘तसेच शेटजी’ म्हणजे शेटजी अजून तसेच आहेत, असं होईल.” पहिल्यांदाच त्यांनी भाषेवर मत दिलं होतं आणि ते बरोबर होतं. मग मी ‘शिवाय’ घातलं. ‘सरपंच भाऊसाहेब, शिवाय शेटजी’ असं. शेटजींना ते आवडलं. ‘शिवाय’त काहीतरी जास्तीचं मिळाल्यासारखं वाटतं, म्हणाले. मजकूर शिरपूरच्या छापखान्यात गेला.

छापखान्यातल्या कंपोझिटरकडे त्या दिवशी स्वल्पविराम कमी पडले असावेत, किंवा त्याला शब्दांच्या मधली जागा वाया गेलेली खपत नसावी. एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिलेला प्रुफाचा कागद भाऊंच्या हातात पडला, कारण बस चौकात थांबते आणि भाऊ चौकातच बसलेले असतात. ते तो कागद नाचवत शाळेत आले. त्यावर ठळक टाइपात छापलं होतं, ‘सरपंच भाऊसाहेबशिवाय शेटजी.’

“बाई,” भाऊ म्हणाले, “मन्हाशिवाय हॉल उघाडतस का तुम्ही?”

मी समजावलं की या ‘शिवाय’चा अर्थ ‘आणखी’ असा आहे, ‘वगळून’ असा नाही. भाऊ म्हणाले की निवडणूक तोंडावर आली आहे आणि लोक अर्थ विचारायला तुमच्याकडे येणार नाहीत. ‘शिवाय’ रद्द झालं. भाऊंनी त्याच दमात हेही सांगून टाकलं की शेवटच्या जागेवर ते काही जाणार नाहीत.

हेडमास्तर मला घेऊन आबांकडे गेले. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून त्यांना माझी कीव आली. ते आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, “येडी का काय तू, बाई. नानाले टाक ना शेवटले. त्याले सवय शे. ती जागा त्यानीच शे.”

तिथे ओट्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो चटका देऊन पडला. इतके दिवस मी समजत होते की ही चार माणसं ‘आणि’ला भीत आहेत. ‘आणि’चं त्यांना काहीच नव्हतं. ती जागा कुणाची आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि नानांच्या जागेवर कुणाला बसायचं नव्हतं. आणि ज्या एका माणसानं सरळ येऊन विचारलं होतं, त्याला मी मनातल्या मनात मानपानवाला ठरवून मोकळी झाले होते. नियम ऐकवला होता, भरीत-भाकरीचं उदाहरण दिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि मग नेहमीप्रमाणे लाजेचा संताप झाला.

संतापात माणसाला चांगलं सुचतं. खोलीवर येऊन मी लिहिलं: ‘आबासाहेब आणि भाऊसाहेब आणि शेटजी आणि डॉक्टरसाहेब आणि नानासाहेब.’ वर्षभर ज्या शब्दावर दीड दौत ओतली, तोच मी एका ओळीत चार वेळा लिहिला. वाचून पाहिलं. विचित्र वाटलं, पण एक गोष्ट झाली होती. आता यादीला शेपूट राहिलं नव्हतं. ‘आणि’ एकटा असला की तो कुणाला तरी मागे ढकलतो. सगळ्यांच्या मध्ये बसला की प्रत्येक नाव आपल्या जोरावर उभं राहतं. पुढे बऱ्याच वर्षांनी बी.एड.च्या वेळी एका व्याख्यानात कळलं की उभयान्वयी अव्यय असं मुद्दाम पुन्हा पुन्हा योजण्याला शैलीत मान आहे. प्रत्येक वस्तूला सारखं वजन द्यायचं असेल, किंवा ओझ्यावर ओझं चढतंय असं वाटायला हवं असेल, तर लेखक तसं करतात. ती आठवीतली मुलगी यात्रेच्या वाटेवर तेच करत होती. मी हे ज्ञान मिळवलं ते मात्र मंडळाच्या मानपानातून.

कागद फिरला. डॉक्टर गप्प. शेटजी खूश. भाऊंनी दोनदा वाचून ‘शिवाय’ नाही ना, याची खात्री करून घेतली. मला वाटलं, सुटले. तर आबांचा निरोप आला. “बठ्ठासले ‘आणि’ शे. मन्हा ‘आणि’ कोठे शे?”

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. आठवड्यापूर्वी जो शब्द कुणाला सावलीलाही नको होता, त्याचा आता मान झाला होता, आणि अध्यक्षांना तोच मिळाला नव्हता. मी वाद घातला नाही. पहिल्या नावाच्या आधीही एक ‘आणि’ बसवला. ‘आणि आबासाहेब आणि भाऊसाहेब आणि...’ कशाला जोडून आणि, ते विचारायचं नाही.

छपाईला देण्याआधी मी नानांकडे गेले. म्हटलं, “नाना, आता पाची जणांना आहे. पण छापायचं म्हणजे कुणीतरी शेवटी येणारच. कुणाला घालू?”

नाना कागद वाचून हसले. म्हणाले, “आता कुठेही घाला. सगळ्यांच्या आधी तोच शब्द आहे ना? मग शेवटी मला घाला. तुमची पत्रिका एकदाची छापून होऊ द्या, तुमचा ठराव अडकला आहे त्याच्यात.” मी त्यांचे आभार मानले. माझ्या ठरावाचं त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. गावात सगळ्यांना सगळंच माहीत असे.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, हॉल गच्च, दारात आंब्याची तोरणं. धुळ्याचे साहेब आले. उंच, वाळलेले, गुडघे दुखत असल्यानं हातात काठी, आणि खिशाला लाल पेन्सिल. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पत्रिका उघडली आणि लाल पेन्सिलीनं एकेका ‘आणि’भोवती गोल काढायला सुरुवात केली. मी ते व्यासपीठावरून पाहत होते. पाच गोल झाल्यावर त्यांनी हेडमास्तरांना काहीतरी विचारलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

भाषणं झाली, पाटीवरचा पडदा सरकला, नारळ फुटला. शेवटी आभार. आणि आता माझी चूक सांगते. महिनाभर आधी, पहिला मजकूर लिहिला तेव्हाच, मी गाणाऱ्या मुलींना खूण देऊन ठेवली होती: “मी आभार मानताना ‘आणि’ म्हणेन. ‘आणि’ म्हटलं की शेवटचं नाव. ते ऐकलं की पेटी सुरू करायची, उभं राहायचं आणि राष्ट्रगीत.” त्यानंतर पत्रिका कितीदा तरी बदलली. मुलींना सांगायचं मी साफ विसरले.

मी बॅटरीवरच्या माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “आणि आदरणीय आबासाहेब—”

पेटीनं सूर धरला. चार मुली ताडकन उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून पोरं उभी राहिली, पोरं उभी राहिली म्हणून गाव उभं राहिलं, आणि गाव उभं राहिल्यावर साहेबांना काठी टेकत उठावंच लागलं. अख्खा हॉल सावधान. आबांना वाटलं, हे आपल्यासाठी. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून चारी दिशांना हात जोडले. मी मुलींना डोळ्यांनी दटावलं. पेटीचा सूर भाता सोडल्यासारखा खाली आला. सगळे बसले.

इथे मी मजकूर बदलायला हवा होता. पण भाऊंचा ‘आणि’ गाळला तर भाऊंचं काय, असा विचार मनात आला आणि तोंडातून निघालं, “आणि सरपंच भाऊसाहेब—”

पेटी. मुली. पोरं. गाव. साहेब. भाऊंनी दोन्ही हात वर करून मतदारांना अभिवादन केलं. सगळे पुन्हा बसले. मुली बिचाऱ्या आज्ञाधारक. बाईंनी सांगितलेली खूण चुकवायची नाही, हेच त्यांच्या मनात. शेटजींच्या वेळी उठबस करताना मागच्या बाकावर हशा सुरू झाला. डॉक्टरांच्या वेळी तर गाव हसत हसतच उठलं, आणि डॉक्टरांनी छाती ठोकून तो मान घेतला.

चौथ्यांदा बसताना साहेबांचा गुडघा कटकन वाजला. मला माइकपाशी ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात गुडघ्यावर, उजव्या हाताचं बोट माझ्याकडे, आणि ते बोट त्यांनी हवेत आडवं फिरवलं. बस करा.

पहिल्या रांगेत नाना बसले होते. त्या दिवशी त्यांनी पलटणीतलं पदक लावलं होतं. त्यांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं, पदक सरळ केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे सगळं मी पाहिलं. मला लाल पेन्सिल दिसत होती, वडिलांचं पत्र दिसत होतं, दीपनगरचं क्वार्टर दिसत होतं. मी म्हटलं, “सर्वांचे आभार. जय हिंद.”

मुली गोंधळल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि ‘आणि’शिवायच राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. नाना सर्वांत ताठ उभे होते.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘भाषा शिक्षिकेने ‘आणि’ या अव्ययाचा अतिरेक टाळावा. एक पुरेसा आहे.’ दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा होती. मी हॉलच्या बाहेर पायरीवर बसले होते आणि दार उघडं होतं. हेडमास्तरांनी कापऱ्या आवाजात शेरा वाचला. शेटजींनी विचारलं, “एक पुरेसा, म्हणजे कुणाचा?”

त्याच्यावर अर्धा तास गेला. डॉक्टरांना खात्री होती की साहेबांना भाऊंचा जास्त वाटला असणार. भाऊंनी साहेबांची खुर्चीवर राहिलेली पत्रिका काढून दाखवली की गोल पाचीभोवती आहेत. आबा म्हणाले, पहिला तर ठेवायलाच हवा, तो अध्यक्षांचा. शेवटी भाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले, “आते आम्ही कितला ‘आणि’ घालाना ते धुयाथीन ठरी का?” हे सगळ्यांना एकदम पटलं. आपल्या हॉलच्या पत्रिकेत ‘आणि’ किती, हा गावचा प्रश्न आहे, धुळ्याचा नाही. साहेबांनी बाईंच्या नावानं जे लिहिलं ते गावाच्या नावानंच लिहिलं, असं ठरलं. मग हेडमास्तरांनी हळूच माझा विषय काढला आणि विचारलं, ठरावाला सूचक कोण?

“मी,” नाना म्हणाले. “लिहा.” बाकीच्यांनी अनुमोदन दिलं. मी कायम झाले.

दुपारी मी वस्तीत गेले. आयुष्यात इतकं जड पाऊल मी कधी टाकलं नसेल. नाना अंगणात सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्याच बोलले. “नाना, तुमचं नाव मी मुद्दाम गाळलं. विसरले नव्हते. साहेबांनी बोट दाखवलं आणि मी नोकरीला घाबरले.”

“पाहिलं मी,” ते म्हणाले. “नोकरी मीही केली आहे, बाई. बोट दाखवणारा साहेब माझ्याही वेळी होता.” त्यांनी ट्यूब फिरवली. एका जागी बुडबुडे आले. तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला आणि माझ्याकडे पाहून हसले. माझ्याशी कधी बोलत नसत त्या बोलीत म्हणाले,

“आखो एक ‘आणि’ म्हनी देतात ना बाई, ते मन्हासाठे बी बठ्ठं गाव उभं ऱ्हातं.”